अंधाराचा भाव

आजोबांच्या घरी खिडक्यांना सागवानी झडपा होत्या. दोन्ही ओढून कडी सरकवली, की भर दुपारी मध्यरात्र. मग आपण सुधारलो. झडपा भंगारात गेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या. ‘भरपूर उजेड’ असं जाहिरातीत वाचून फ्लॅटला चार पैसे जास्तच मोजले.

आता तोच उजेड झोपू देत नाही. रात्री समोर एलईडीचा पथदिवा, पहाटे पूर्वेचा सूर्य. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन अंधारात पाझरतं म्हणे. म्हणून काचेवर पडदा, पडद्याला जाड अस्तर आणि त्याला भारदस्त नाव : ‘ब्लॅकआउट’. १९७१च्या युद्धात मुंबईकरांनी काचांना काळे कागद चिकटवून हाच ब्लॅकआउट पाळला होता. तेव्हा भीती विमानांची होती, आता बिलाची.

परवा जुन्या वस्तूंच्या दुकानात तशाच झडपांची जोडी दिसली. “अँटिक आहे साहेब, हॉलच्या भिंतीवर शोभेल!” भिंतीवर! दुकानदारानं किंमत सांगितली आणि एकही झडप न लावता डोळ्यांपुढे अंधारी आली.