टायगर शार्कचा पंचनामा

विधात्याने जळगाव जामोद तालुक्याच्या वाट्यास समुद्राचे मीठ दिले, समुद्र मात्र दिला नाही. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णेचे पात्र आणि या दोहोंमधील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी असे, की वरणात मीठ घालण्यापूर्वी गृहिणीने दोनदा विचार करावा; परंतु लाट, शिंपला, गलबत किंवा खलाशी यांपैकी एकाचीही नोंद येथील महसुली दप्तरात सापडायची नाही. त्या दप्तरात माझी उमेदीची सर्व वर्षे गेली. शेतसारा, वारसनोंद, बांधाची तक्रार आणि अतिवृष्टीचा पंचनामा यांपलीकडे ज्याने कधी मान वर केली नाही, अशा सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने विषुववृत्त ओलांडून बारा-चौदा फुटी शार्क माशांची छायाचित्रे काढावीत, ही गोष्ट कोणत्याही शासकीय परिपत्रकात बसणारी नव्हती.

संकल्प मूळचा माझा नव्हे. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या पुतण्यास सुटीत समुद्राच्या तळाशी जाऊन बसण्याचा नाद आहे, आणि निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, निवृत्तिवेतन असते व नकार देण्यास सबळ कारण नसते, हे त्याने अचूक हेरले होते. बातमी बसस्थानकापर्यंत पोहोचण्यास फारसा अवधी लागला नाही. "काऊन हो भाऊ, मासोयीचा फोटू काढाले इमानानं जाऊन राह्यले म्हंते? आपल्या पूर्णेतल्या मासोया रुसल्या काय तुमच्यावर?" अशी पृच्छा चहाच्या टपरीवर झाली. एका हितचिंतकाने आमच्याच तालुक्यातील भेंडवळच्या घटमांडणीचा हवाला मागितला. तेथे अक्षय्य तृतीयेस शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयास पावसाचे, पिकांचे व राजाच्या गादीचे भाकीत सांगतात. तूर साधेल की कपाशी, हे तेथे तपशीलवार कळते, परंतु मोठा मासा अव्वल कारकुनास गिळील किंवा कसे, याविषयी घट मौन पाळतो. सौभाग्यवतीने तर विरोध म्हणून केलाच नाही. पेन्शनचे कागद पुढ्यात ठेवून "थ्या फारमात माह्यं नाव बराबर लिवलं हाये ना, तेवढं पाहून घ्या" एवढेच ती म्हणाली, आणि भाकऱ्या थापावयास आत गेली.

पाण्याखाली श्वास घेण्याची विद्या मी मालवणच्या किनाऱ्यावर शिकलो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि शेजारच्या तारकर्लीस ही विद्या शिकविणारे सरकारी केंद्रही आहे. पहिला धडा असा, की पाण्याखाली श्वास कदापि रोखून धरू नये. कारण दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि वर येताना छातीत कोंडलेली हवा फुगते. वरिष्ठांच्या प्रत्येक दौऱ्यात श्वास रोखूनच ज्याने नोकरी पार पाडली, त्यास हा धडा पचावयास जड गेला. शार्क या प्राण्याची आणि माझी पहिली भेटही तेथेच, एका खाणावळीत, सोलकढीच्या शेजारी झाली. मालवणात तिला मोरी म्हणतात व तिचे मटण झणझणीत करतात. त्या भेटीत वर्चस्व निर्विवादपणे माझे होते. मात्र पुढील भेटीत ताटाची दिशा बदलू शकते, हा विचार दुसऱ्या वड्याबरोबर मनात आला आणि तिसरा वडा तसाच राहिला.

मुंबईहून मालेस, आणि मालेहून लहान विमानाने दक्षिणेस फुवामुलास, हा प्रवास निर्विघ्न झाल्यामुळे वर्णनास निरुपयोगी आहे. मालदीवची इतर बेटे उथळ, निळ्या पाण्याभोवती माळेने बसलेली. हे बेट मात्र विषुववृत्ताच्या किंचित पलीकडे, भर महासागरात एकटेच उभे, लांबीने पाच किलोमीटरही नाही, आणि त्याच्या पोटात गोड्या पाण्याची दोन तळी. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, ही आमच्या तालुक्याची नेमकी उलटी व्यवस्था पाहून विधात्याच्या वाटपाविरुद्ध अपील दाखल करावे, असे मला प्रकर्षाने वाटले.

टायगर शार्क येथेच का जमतात, याचे कारण अद्भुत नाही. बेटावरील कोळी ट्यूना मासा धरून आणतात आणि साफ केल्यावर डोकी व आतडी बंदराच्या तोंडाशी समुद्रात टाकतात. शिवाय २०१० साली मालदीव सरकारने आपल्या संपूर्ण हद्दीत शार्कच्या शिकारीस मनाई केली. भोजनाची सोय आणि कायद्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच मुक्कामी मिळाल्यावर बदलीचा अर्ज कोण करतो? अंगावरील पट्टे व परांवरील खुणा यांवरून अभ्यासकांनी येथे दोनशेहून अधिक शार्कांची स्वतंत्र ओळख पटविली आहे, आणि त्यांत बहुसंख्य माद्या आहेत. या जातीच्या पोटात मोटारींच्या नंबरपाट्यादेखील सापडल्याची वार्ता पुतण्याने मला आदल्या रात्री, नेमकी जेवणापूर्वी, सांगितली. जप्तीचा एवढा व्यापक अधिकार आमच्या तहसीलदारांनाही नव्हता.

सकाळी होडीवर मार्गदर्शकाने नियम सांगितले. शार्क जवळ आली, की तिला पाठ दाखवू नये. नजर तिच्यावरून काढू नये. हात पसरू नयेत, अंगाशी आवरून धरावेत. घाबरून एकाएकी वर उठू नये. आणि ती अगदीच अंगावर आली, तर कॅमेरा मध्ये धरून तिचे डोके हलकेच बाजूस सारावे. हे ऐकून इतरांचे चेहरे उतरले. मला मात्र कित्येक दिवसांनी घरी आल्यासारखे वाटले. जिल्हाधिकाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत आम्ही आयुष्यभर अक्षरशः हेच करीत आलो होतो, आणि साहेब अगदीच अंगावर आले म्हणजे मध्ये फाईल धरीत होतो.

छायाचित्रणाचा कायदा मात्र साहेबांच्या कायद्याच्या विरुद्ध निघाला. तेथे सुरक्षितता अंतरात असते. येथे अंतर म्हणजे नुकसान. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून चार-पाच मीटरांवरच सर्व सृष्टी निळीकरडी दिसू लागते. आणि लांबून फ्लॅश टाकावा, तर मधल्या पाण्यातील कण तेवढे उजळतात, मासा अंधारातच राहतो. सबब रुंद कोनाचे भिंग लावून प्राण्यापासून हातभर अंतरावर जावे, असे शास्त्र सांगते. यात भर अशी, की चष्म्याच्या सपाट काचेतून पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी भासते. घुमटाकार काच लावलेल्या कॅमेऱ्यास हा भ्रम होत नाही. तात्पर्य, चौदा फुटी मासा छायाचित्रात चौदा फूटच उतरतो. भिण्यासाठी मात्र तो साडेअठरा फुटांचा मिळतो.

दहा मीटरांच्या आत, स्वच्छ उन्हाच्या पाण्यात, प्रवाळाच्या उताराकडे पाठ करून आम्ही ओळीने बसलो. मार्गदर्शकाने ट्यूनाची डोकी दगडांखाली सारली. थोड्याच वेळात निळाईतून एक रुंद, बोथट मुस्कट निघाले आणि त्यामागून देह येतच राहिला. पाठीवरचे पट्टे वयपरत्वे फिकट झालेले, पोटाखाली एक चिकट-मासा निवांतपणे लटकलेला, आणि डोळा मोठा, काळा, पूर्णतः निर्विकार. दगडाशी येऊन तिने मान तिरपी केली. पुढे केलेल्या जबड्याबरोबर डोळ्यावर पांढरा पडदा सरकला, दगड उलटला, डोके नाहीसे झाले, आणि पडदा पुन्हा उघडला. एवढ्या मोठ्या घासास जरासाही आवाज झाला नाही. मग ती माझ्याकडे वळली. शार्कच्या मुस्कटावरील बारीक छिद्रांना पाण्यातील अतिक्षीण विद्युत्प्रवाह जाणवतो, त्यामुळे बॅटऱ्यांनी भरलेला कॅमेरा तिला माझ्याहून अधिक रुचकर वाटला असावा. काच आणि मुस्कट यांची ठोकर झाली. मी नियमाप्रमाणे डोक्यावर तळवा टेकला. कातडी कमालीची खरखरीत लागली. आणि ती, एखाद्या अर्जदाराकडे न पाहता पुढे जावे तशी, बाजूने निघून गेली. या सर्व काळात माझे बोट कळ दाबीतच होते.

रात्री छायाचित्रे तपासली. बुडबुडे विपुल, शेपटे पुष्कळ, पुतण्याच्या पायांतील पंख एकदा; समोरून दातांसह एकही नाही. पुतण्या हळहळला, कारण जगाला तोच नमुना हवा असतो. परंतु त्यांत एक छायाचित्र होते: ती निघून जात असतानाचे, संपूर्ण डावी बाजू, पट्ट्यांनिशी, पाठीवरील पराच्या कडेसकट. आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या माणसास त्याचे मोल कळावयास वेळ लागला नाही. समोरचा जबडा सर्वांचा सारखाच. त्यावरून कोण आले होते, हे कोणताही पंच शपथेवर सांगू शकणार नाही. भीतीला समोरून फोटो लागतो, ओळखीला बाजूने. नोंदवहीत मासा चढतो तो बाजूच्या पट्ट्यांवरून, आणि भेसूर चित्रांचा गठ्ठा निकाली निघतो.

गावात हे तत्त्व कोणी मानले नाही. टपरीवर "दात कोठी हायेत?" या एकाच मुद्द्यावर माझे छायाचित्र नामंजूर झाले. सौभाग्यवतीने मात्र चष्मा लावून, चित्र उजेडाकडे धरून, बराच वेळ पोटाच्या रेषेवर बोट फिरविले आणि निर्णय दिला, "अवो, हे तं गाभण दिसते." फुवामुलास पोटुशी माद्या आढळतात, वर्षाहून अधिक काळ गर्भ वाहून ही जात एका वेळी दहापासून ऐंशीपर्यंत पिल्ले देते, अशी माहिती मी मोठ्या रुबाबात पुरविली. ऐंशीच्या आकड्याने ती किंचितही चकित झाली नाही. "आन तुमी तिच्या तोंडापुढं दिवे चमकावत बसले?" ती म्हणाली. "गाभण जनावर बुजते, एवढं तं पोट्ट्यालेही समजते."