माप त्यांचं, अंग आमचं

बारवी धरण भरलं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा जीव भांड्यात पडतो. धरण एमआयडीसीचं, म्हणजे पाण्यावर मान कारखान्यांचाही. याच पाण्यावर अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात औषधं बनतात. धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाड तालुक्यातली आदिवासी माणसं घरादारातून उठली. उंची ठरवणारे दुसरे, उठणारे दुसरे. औषधांच्या दुनियेतही हाच रिवाज आहे. माप एकाचं, गोळी सगळ्यांना.

2021 च्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ऑक्सिमीटर आला. आकडा 94 च्या वर असला की घरीच थांबा. पण डिसेंबर 2020 मध्येच अमेरिकेतल्या एका अभ्यासात छापून आलं होतं, की काळ्या त्वचेवर हे यंत्र आकडा फुगवून दाखवतं. रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राला तो न दिसण्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. बोटाला गोरं करणारं क्रीम लावून मोजा, एवढंच काय ते सांगायचं बाकी राहिलं.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 22.3, अगदी दशांशासकट. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2! तिकडच्या तक्त्यानुसार दोघेही ठणठणीत. आपल्याकडे काडीपैलवानालाही मधुमेह का गाठतो, याचा धागा याज्ञिकांच्या चमूला पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडला. 1993 पासून तिथल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं मोजली गेली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ही बाळं वजनानं बरीच कमी, पण कातडीखालची चरबी मात्र राखून जन्मलेली. त्या बाया मोजून घ्यायला तयार झाल्या नसत्या, तर आपण आजही परक्या तक्त्यात आपलं पोट कोंबत बसलो असतो.

तेव्हा अभ्यासात आपली माणसं हवीतच. सगळी हवीत: बायका, म्हातारे, पाड्यावरचे, उल्हासनगरच्या कॅम्पातले. पण ‘सहभाग’ म्हणत माणसं कशी गोळा होतात, तेही पाहा. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस, देण्याचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी वसतिगृहांतल्या मुली होत्या. संसदीय समितीच्या 2013 च्या अहवालानुसार 2,763 संमतीपत्रांवर सह्या होत्या वॉर्डनच्या! पोर आईबापांची, सही तिसऱ्याची. आधी कुणी मोजत नव्हतं, आता न विचारता मोजलं. याला प्रगती म्हणायची तर धरणात बुडालेल्या घराला जलविहार म्हणावं लागेल.

2019 च्या नियमांनी औषधचाचणीत काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, नियमानुसार भरपाईही. मधेच बाहेर पडायची मुभा, आणि त्यासाठी कुणी नेहमीचे उपचार तोडू शकत नाही. चाचणीची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या यादीत असावी लागते, आणि ती यादी कुणालाही फुकट पाहता येते.

तेव्हा उद्या दारात चाचणीचा फॉर्म आला, तर ‘आमच्यावर प्रयोग करता काय’ म्हणून हाकलूही नका आणि साहेब आलेत म्हणून अंगठाही उठवू नका. नोंदणी क्रमांक मागा. फॉर्म मराठीत मागा. मग घरी ठेवून घ्या आणि चार माणसांत वाचा. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.