बुलेटकाकांचा सायलेन्सर

प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी बुलेटकाका असतातच. वय पंचावन्नच्या पुढे, गाडीचं त्याहून थोडंच कमी. गाडी अर्थातच लोखंडी इंजिनाची बुलेट 350. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. ती दुसऱ्या कुणाला सुरू करता येत नाही, याचा त्यांना मुलाच्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मगच किक मारायची, हा विधी ते सोसायटीत दिसेल त्याला समजावून सांगतात. कुरिअरवालाही सुटत नाही.

काकांचं दुखणं एकच. गाडीला 'तो' आवाज नाही.

'तो' म्हणजे त्यांच्या लहानपणी गावात येणाऱ्या फौजदाराच्या बुलेटचा. गाडी वेशीवर असतानाच म्हणे घरात ऐकू यायची. तेव्हा गावात दुसरं वाहन नव्हतं. वेशीवरची सायकलची घंटासुद्धा ऐकू आली असती. पण हे काकांना सांगून उपयोग नाही. ते नाना पेठेत पोचलेले असतात.

पुण्याची नाना पेठ म्हणजे दुचाकीच्या सुट्या भागांचं माहेरघर. तिथे सायलेन्सर मागितला की दुकानदार विचारतो, "कुठला?" लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, मेगाफोन, पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, गोल्डस्टार. काका गोल्डस्टारवर बोट ठेवतात. हे नाव बीएसए या बर्मिंगहॅमच्या कंपनीच्या गाडीचं. 1937 साली वॉल हँडली नावाच्या स्वाराने बीएसएवरून ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली. अशा पराक्रमाला तिथे सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. त्यावरून पुढच्या वर्षी कंपनीने नव्या गाडीचं नाव गोल्डस्टार ठेवलं. काकांची बुलेट नवी होती तेव्हा 18 हॉर्सपॉवरची. आता त्यातली किती उरली, हे लक्ष्मी रोडच्या गर्दीत कळायला मार्ग नाही. सायलेन्सर मात्र गोल्डस्टारचा.

बसवायचं काम उस्तादांकडे. "काका, हा मोकळा आहे. मेन जेट बदलावा लागेल."

"आधी आवाज ऐकव."

उस्ताद बरोबर सांगत असतात. मूळ सायलेन्सरच्या आतले पडदे धुराला अडवतात, वळवतात. मोकळ्या नळीत ही अडवणूक नाही. मग इंजिन हवा जास्त ओढू लागतं, पेट्रोल मात्र जुन्याच जेटमधून येतं. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. बेंडपाइप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. तिथे जराशी फट राहिली तरी रेस सोडल्यावर बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच फट्‌ फट्‌ फुटतं. या फटाक्यांना काका 'दम' म्हणतात. बेंडाचं क्रोम तापून निळं पडलं की तोही त्यांना दागिना वाटतो. उस्ताद फटीला पत्र्याची पट्टी लावून देतात, जेटचा विषय पुन्हा काढतात आणि चहा मागवतात.

आता खरी गोम अशी, की तो धग-धग ठेका सायलेन्सरचा नव्हताच. 70 मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, त्यात पिस्टनची 90 मिलिमीटरची लांब झेप, जोडीला जडशीळ फ्लायव्हील. त्यामुळे इंजिन अगदी सावकाश फिरूनही बंद पडत नाही, आणि दोन ठोक्यांत एखादा शब्द मावेल इतकं अंतर राहतं. नळी बदलून ठेका बदलत नाही, फक्त मोठा होतो. मग काका आयडलिंगचा स्क्रू सोडतात, आणखी सोडतात. गाडी मरता मरता धडधडते. इतक्या कमी फेऱ्यांवर तेलाचा पंप वरच्या रॉकरपर्यंत तेल धड पोचवत नाही, बॅटरीही चार्ज होत नाही. पण शेजारचा तान्हा मुलगा उठतो, कुत्री पळतात, आणि काकूंना गॅलरीत न येताच कळतं की चहा टाकायची वेळ झाली.

शत्रुपक्षात पोलीस. आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवला. असे फोटो पेपरात आले की काका चष्मा लावून त्यात ओळखीचे शोधतात. "हा पंजाब. तो इंदोरी. अरेरे, मेगाफोन!"

म्हणूनच मूळ सायलेन्सर त्यांनी भंगारात दिलेला नाही. तो माळ्यावर, तेल लावून, जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवलेला. दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण असतं, तेव्हा तो खाली उतरतो. आरटीओच्या मैदानात गाडी अशी सभ्य आवाजात उभी राहते की तपासणाऱ्यालाही शंका यायला हवी. संध्याकाळी पुन्हा गोल्डस्टार. अलीकडे तर काकांना पन्नाशी उलटलेल्या गाड्यांची 2021 ची केंद्राची नियमावली सापडली आहे. त्यात 'व्हीए' अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला मनाई. पहिली अट माळ्याच्या जोरावर निभेल. दुसरी वाचून मात्र त्यांनी कागद घडी करून ठेवून दिला.

तेव्हा वाचकहो, अशा काकांकडून जुनी बुलेट घ्यायची वेळ आली, तर इंजिन आणि चॅसीचे नंबर आरसीशी ताडून पाहाच, पण व्यवहार पक्का करण्याआधी त्यांना माळ्यावरही चढवा. मूळ सायलेन्सर हा गाडीचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.