आजचा रेट

जळगावात कोणाच्या तेराव्याला मांडवाच्या कडेला चार माणसं डोकी जवळ आणून हळू आवाजात बोलत असली, तर ती गेलेल्या माणसाच्या आठवणी काढताहेत असं समजू नका. जवळ जाऊन ऐका. ‘मागून डीपी रोड जातो,’ ‘बहिणींच्या सह्या झाल्यात का?’ असलं काहीतरी चाललेलं असतं. चौघांच्या मधे जो उभा असतो, तो आमचा आप्पा. दर गल्लीत एक असतो. आमच्या गल्लीतला जरा वरच्या दर्जाचा आहे इतकंच.

आप्पा पेपर मधून उघडतात. पहिल्या पानावर सरकार पडो की पाऊस न पडो, त्यांची बोटं थेट ‘जाहीर नोटीस’वर जातात. अमुक गट नंबर, चतुःसीमा येणेप्रमाणे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. चतुःसीमा वाचताना त्यांचा चेहरा भजनात बसल्यासारखा होतो. त्याच पेपरचं दुसरं पान काकूंच्या हातात असतं. त्या सोन्याचा भाव बघतात. सुवर्णनगरीतली बाई, दुसरं काय बघणार? दोघांत बोलणं असं नाही, पण दोघंही भावच बघत असतात.

आप्पांचं ज्ञान मात्र पोकळ नाही, हे मला मान्य करावंच लागतं. मी फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा म्हणत होतो, तर त्यांनी ओट्यावरच हिशेब मांडला. “४० लाखांचा फ्लॅट. भाडं किती, ८ हजार. वर्षाचे झाले ९६ हजार. त्यातून घरपट्टी काढ, मेंटेनन्स काढ, भाडेकरू गेला की दोन महिने कुलूप. अडीच टक्केही सुटत नाही भो! त्यापेक्षा एफडी बरी. निदान तिचा नळ गळत नाही.”

मग फ्लॅटऐवजी प्लॉट घ्यायचं ठरलं. तो बघायला कधी जायचं? मी म्हटलं, येत्या मे महिन्यात सुट्टी आहे.

“मे महिन्यात सगळेच प्लॉट देखणे असतात. श्रावणात जा. चपला हातात घेऊन जा. काळी माती पाय धरून राहिली, तर उद्या पायाही धरेल. खाली जेवढा खड्डा, तेवढा पैसा. अन् बिनशेतीचे कागद बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही. शेतात दगड रोवून ‘प्लॉट’ म्हणणारे कमी नाहीत. आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी आली, पण तुकडे काही थांबले नाहीत!”

धुळ्याला त्यांचे साडू आहेत. ते रेल्वेवाले. म्हणजे नोकरी रेल्वेत नाही. गुंतवणूक रेल्वेच्या भरवशावर. चाळीसगावहून आलेली गाडी १९०० पासून धुळ्यात येऊन थांबते आणि आल्या रुळांनी परत फिरते. तिच्या पुढच्या मार्गाबद्दल साडू उभी हयात ऐकत आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, आणि त्या रात्री साडूंचा फोन आला. “आते रेल्वे उनीच समज!” आप्पांनी अभिनंदन केलं, आणि मग हळूच विचारलं, “शेजारून जाते का अंगावरून?” पलीकडे शांतता. लाइन शेजारून गेली तर रेट, अंगावरून गेली तर नुसता मोबदला. तेव्हापासून साडू नकाशाच्या मागे आहेत.

आप्पांचा स्वतःचा प्लॉट गिरणेपलीकडे. १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. ते बांभोरीकडे जाणार असा सुगावा लागताच आप्पांनी काकूंच्या पाच तोळ्यांच्या बांगड्या मोडल्या. तेव्हा तोळा साडेतीन हजारांच्या आत-बाहेर होता. बांगड्या तिच्या, म्हणून खरेदीखतही तिच्याच नावाने केलं. तेवढी न्यायबुद्धी त्यांना आहे. पोरं येतील, होस्टेल बांधू, असा बेत होता. पोरं आली. होस्टेलंही झाली, दुसऱ्यांची. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. आप्पांच्या प्लॉटला अजून तारेचं कुंपण मिळायचं आहे. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून पूल ओलांडतात, बाभळीत शिरून चारही खांब मोजतात आणि कोपऱ्यातल्या खांबावरची धूळ रुमालाने पुसून परत येतात.

परवा संध्याकाळी एक गिऱ्हाईक घरीच आलं. खरं गिऱ्हाईक, कापडी पिशवीत इसार घेऊन. त्याने १८ लाख म्हटलं. मी हिशेब करायच्या आत आप्पांचा रंग उडाला. “मूळ कागद बँकेत आहेत,” ते म्हणाले. (कागद काकूंच्या पैठणीखाली आहेत. मीच ते कपाट उचलायला होतो.) “अन् रस्ता पुरा होऊ द्या, मग बोलू.”

गिऱ्हाईक उठलं. आप्पा माझ्याकडे वळून कुजबुजले, “बघितलं? बसल्या जागी १८ लाखांना पोहोचला!” आणि खिशातल्या डायरीत तारीख घालून आकडा लिहू लागले.

काकू गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला गेल्या होत्या. चप्पल घालता घालता त्याला त्या हळूच म्हणाल्या, “रविवारी सकाळी या भाऊ. तेव्हा हे प्लॉटवर असतात.”