जे आधी होईल ते

आमच्या वर्ध्याच्या गल्लीतले काका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अर्जातला एक ‘किंवा’ खोडला नसला, तरी ते माणसाला दुसऱ्या दिवशी परत बोलवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार घेतली आणि त्याच निष्ठेने ती जपायला लागले. जपायची म्हणजे शक्यतो चालवायची नाही. विनोबा 1951 साली पवनारहून पायी दिल्लीला निघाले. काकांची गाडी चार वर्षांत पवनारच्या पुढे दोनदाच गेली, तीही वऱ्हाड घेऊन. एरवी रोज सकाळी गोरसपाक बिस्किटं आणायला जाऊन-येऊन तीन किलोमीटर.

ऑइलवर मात्र काका तासभर बोलत. “पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर लिवलं हाये. आपले साडेचार झाले. तेल फिरलंच नाही, तं खराब कसं होईन बाप्पा?”

यंदा श्रावणात त्यांनी हौसेने ऑइलचं टोपण उघडलं आणि मला हाक मारली. टोपणाच्या आत फिक्कट पिवळी साय. “कोनी ताक टाकलं का रे?”

मिस्त्री आला. त्याने आधी कूलंटची पातळी पाहिली. ती जागेवर होती, म्हणजे इंजिनात कूलंट उतरत नव्हतं. मग डिपस्टिक पुसून पाहिली आणि विचारलं, “काका, गाडी रोज किती चालते?”

“तीन किलोमीटर. जपून!”

“तिथंच घोळ आहे. चहा उकळायच्या आधी तुम्ही गॅस बंद करता. इंजिन तापत नाही, तं आतली वाफ बाहेर पडत नाही. पानी अन् थोडं पेट्रोल ऑइलात मुरते. तुमचं ऑइल चालून नाही, बसून-बसून खराब झालं.”

काकांनी घरातून डबा आणला. ‘पाच वर्षं पाहायचं काम नको’ म्हणून घेतलेलं महागडं सिंथेटिक, तेही 20डब्ल्यू-50, चांगलं जाड. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांत पातळ तेल टिकेल कसं, हा त्यांचा बिनतोड सवाल. मिस्त्री म्हणाला, “ऊन बाहेर पंचेचाळीस, पन इंजिनात नव्वदच्या वर असतेच. शेवटचा आकडा शंभर अंशांवरच्या जाडीचा. तुमच्या गाडीले 0डब्ल्यू-20 सांगितलं हाये, ते पातळच पाहिजे. सकाळी चाबी फिरवली की लवकर वर पोचते. अन् सिंथेटिक असो का साधं, पुस्तिकेतली तारीख कोनाले माफ नाही.”

“तारीख कुठं लिवली हाये?”

मिस्त्रीने पुस्तिका उघडून ओळीवर काळं बोट ठेवलं: ‘10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, जे आधी होईल ते.’ चाळीस वर्षं लोकांचे ‘किंवा’ तपासणारे काका त्या ‘किंवा’कडे बराच वेळ पाहत राहिले.

आता ऑइल दर पोळ्याला बदलायचं ठरलंय, म्हणजे तारीख विसरायला नको. दर रविवारी गाडी सेलूपर्यंत जाऊन येते, चांगली तापून. गोरसपाक मात्र काका पायी जाऊन आणतात.

परवा त्यांनी माझ्या स्कूटरची पुस्तिका मागितली. ऑइल बदलून चौदा महिने झाले होते. काकांनी ती ओळ वाचली, पुस्तिका मिटून माझ्या हातात ठेवली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, “अपूर्ण हाये. उद्या या.”