ही फेज आहे

दाजींच्या घरात पाऊल टाकलं की आधी टँककडे बघायचं आणि मग काहीतरी बोलायचं, अशी पद्धत आहे. काय बोलायचं ते मात्र जपून. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तोंडभरून म्हणालो, "वा, काय हिरवंगार झालंय!" दाजींचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारातून ताई मला हातानं 'गप, गप' करत होत्या. हिरवं होतं ते शेवाळ होतं.

दाजी म्हणजे माझे साडू. बँकेत वसुलीला होते. थकबाकीदाराच्या ओट्यावर चहा न घेता दोन-दोन तास बसायची सवय. निवृत्त झाल्यावर ती चिकाटी कुठंतरी लावायला हवीच होती, ती या दोन फुटी काचेच्या पेटीला लागली. खाली काळी माती, मध्ये एक वाकडं लाकूड, त्याला दोऱ्यानं बांधलेली झाडं आणि वर दिवा. मासे? तेच सगळे विचारतात.

"मासे कुठायत हो?"

"टँक सायकल होतोय."

सासूबाईंनी बिचाऱ्यांनी गॅलरीत डोकावून बघितलं, नवीन सायकल घेतली की काय म्हणून. मग दाजींनी त्यांना बसवून समजावलं. नव्या मातीतून अमोनिया सुटतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडले तर गुदमरून मरतील. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सध्या तुम्ही नुसतं पाणीच पाळलंय."

या चार-सहा आठवड्यांतच शेवाळ येतं. झाडं अजून रुजलेली नसतात, खाणारं तोंड कमी आणि ताटात वाढलेलं जास्त. उरलेलं कोण खाणार? शेवाळ. दाजी हे वसुलीच्या भाषेत सांगतात, "साडूभाऊ, पैसा पडून राहिला की माणूस बिघडतो. खत पडून राहिलं की टँक." पहिल्या पंधरवड्यात काचेवर तपकिरी साय धरली. दाजी शांत. "डायटम. ही फेज आहे." ती गेली, तर धाग्यांसारखं हिरवं आलं. "ही पण फेज आहे." मग लाकडाच्या टोकावर काळे झुपके उगवले, दाढीचे खुंट दिसावेत तसे. दाजी त्या रात्री जेवले नाहीत.

ती काळी दाढी शास्त्रानं लाल शेवाळाच्या कुळातली. यावर दाजी अर्धा तास बोलू शकतात, नव्हे, बोलतात. पुरावा म्हणून सिरिंज आणतात. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड भरून झुपक्यावर सोडलं की बारीक बुडबुडे येतात आणि तीन-चार दिवसांत काळं होतं गुलाबी. "बघा, खरा रंग बाहेर आला! हे थकबाकीदारासारखंच असतं." नाक्यावरचा मेडिकलवाला एकदा काळजीनं ताईंना विचारत होता, "काकू, काकांची जखम भरत नाहीये का?"

पण दाजींचा खरा हात बघायचा तो धाग्यांच्या शेवाळावर. बाही कोपरापर्यंत सरसावतात. चष्मा कपाळावर. जुना टूथब्रश पाण्यात घालून दोन बोटांत हळूहळू फिरवायचा, शेवया काट्याला गुंडाळाव्यात तसा. धागे ब्रशला वेढे घेत येतात. एखादं कोवळं रोप सोबत उपटून येतं, तेव्हा त्यांच्या तोंडून "अरेरे" असं निघतं, की शेजारच्या खोलीतला माणूस उठून यावा. मग तो ब्रश बाहेर काढून उजेडाकडे धरायचा, बोटानं चोळून बघायचा, वास घ्यायचा. एकदा असा ब्रश ताईंनी ओळखला. परवाच घेतलेला होता. पुढचे तीन दिवस घरातली ती फेजही दाजींनी सोसली.

रोगाचं निदान काही असो, औषध एकच: दिवा कमी करा. दाजींचा दिवा टायमरवर चालतो, दुपारी चार ते रात्री दहा, मोजून सहा तास. तीन वाजता आलेल्या पाहुण्याला तासभर थांबावं लागतं, कारण "अंधारात काय बघणार?" पूर्वेची खिडकी कायमची बंद, सकाळचं ऊन टँकवर पडतं म्हणून. घरातली माणसं दिवसा ट्यूबलाइट लावून वावरतात. एकदा पाणीच हिरवं झालं, मुगाच्या कढणासारखं, तेव्हा तीन दिवस टँक संपूर्ण झाकायचा ठरला. त्यावर दोन चादरी आणि आजीची गोधडी. वर्गणी मागायला आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो झाकलेला आकार पाहिला, आवाज खाली आणला आणि वर्गणी न मागताच परत गेले.

पाणी आठवड्यातून तीनदा बदलायचं, दर वेळी अर्धं, म्हणजे दोन बादल्या. ते पाणी तुळशीला जातं. गंमत बघा, दाजी जिच्यासाठी रात्री जागतात ती टँकमधली झाडं पिवळी आणि तुळस गॅलरीच्या कठड्यावर पोचलेली. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यानंतर त्यांनी महिनाभर माझे मेसेज नुसते वाचले.

दाजींच्या देव्हाऱ्यात नाहीत, पण कपाटाच्या दारावर ताकाशी आमानो आहेत. जपानमधले छायाचित्रकार. पाण्यात आख्खं रान उभं करायची कला त्यांनी जगाला शिकवली, आणि शेवाळ खाणारी एक चिमुकली कोळंबीही त्यांनीच टँकमध्ये आणली. ती आता त्यांच्याच नावानं ओळखली जाते. 2015 मध्ये ते गेले. तरुणपणी सायकल शर्यतीत उतरायचे. हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग बरोबर, सायकल होती तर!" दाजींनी दहा कोळंब्या आणल्या. सोडल्यावर तासाभरात त्या लाकडाखाली गेल्या आणि तेव्हापासून दिसतात त्या फक्त रात्री दोन वाजता, टॉर्च मारल्यावर. रात्री दोन वाजता टॉर्च कोण मारतं, हे सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सगळे ताम्हिणीला गेलो. कडे, दगड, पुलाचे कठडे, सगळ्यावर ओली हिरवी मखमल. बायका फोटो काढत होत्या. दाजी एका ओहोळाशी उकिडवे बसलेले. मी जवळ गेलो तर पुटपुटत होते, "पाणी वाहतंय, सावली आहे... तरी धरलंय." मग वर बघून म्हणाले, "याला पण जमलं नाही हो." 'याला' म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

हे सगळं हसत हसत लिहिणार होतो, पण गेल्या महिन्यात मुलीच्या हट्टापायी मीही एक टँक आणला. बाराव्या दिवशी काचेवर तपकिरी साय. रात्री साडेदहाला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"आलं?" आवाजात इतका आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही ऐकला नव्हता. "बोटानं पुसून बघा. निघतं?"

"निघतं."

"डायटम. ही फेज आहे. दिवा किती तास?"

"दहा."

पलीकडे बराच वेळ काही नाही. डॉक्टरनं सिगारेटी किती विचाराव्यात आणि आपण खरं सांगून बसावं, तसली शांतता.

"उद्या येतो," दाजी म्हणाले. "घरात जुना ब्रश आहे ना एखादा?"

मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं. पेल्यात तीन ब्रश होते. जुना त्यांतला फक्त माझाच.