भोसरीत बर्फ पडत नाही

एप्रिलात भोसरीत पारा चाळिशीला टेकतो. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. अशा भर दुपारी आमच्या इमारतीच्या जिन्यात निळा चमचमता फ्रॉक घातलेली पाच वर्षांची मुलगी दोन्ही हात पसरून उभी राहते आणि आपल्याला थंडीचं काही वाटत नाही, असं इंग्रजीतून साऱ्या जगाला ऐकवते. तिचं म्हणणं खरंच आहे. थंडीशी तिची अजून गाठच कुठे पडली आहे? बर्फ म्हणाल, तर तो तिने गोळ्याच्या गाडीवर पाहिला आहे, तोही काला खट्टा ओतलेला.

तो फ्रॉक आणि ते वाक्य ज्यातलं, तो ‘फ्रोझन’ हा सिनेमा 2013 सालचा. म्हणजे ही मुलगी जन्मायच्या कितीतरी आधीचा. तिच्या आधीच्या मुलींनी ‘लेट इट गो’ गाऊन घसा बसवून घेतला, त्या आता कॉलेजला गेल्या, आणि तो फ्रॉक मात्र दुकानाबाहेर हँगरला अजून लटकतोच आहे. मोठ्यांची गाणी दोन गणपतींत जुनी होतात. हे गाणं का होत नाही?

शेजारच्या काकांचं उत्तर तयार असतं : “अहो, सगळं मार्केटिंग.” काका एका कंपनीच्या परचेस खात्यातून रिटायर झालेले आहेत, त्यामुळे जगात काहीही घडलं तरी त्यामागे त्यांना व्हेंडर दिसतो. पण मग ‘एन्कांतो’चं काय सांगाल? 2021 च्या त्या सिनेमातलं दोन सुरवंटांचं एक हळवं स्पॅनिश गाणं डिस्नेने ऑस्करला धाडलं. अर्ज भरायची मुदत सिनेमा लागायच्या आधीच संपत होती, त्यामुळे निवड कंपनीच्या मोठ्या माणसांनी केली. सिनेमा लागला आणि पोरांनी उचललं भलतंच. ब्रुनो नावाच्या मामाविषयी आम्ही बोलत नाही, असं म्हणत म्हणत घरातला एकेक जण त्याच्याचविषयी बोलतो, ते गाणं. 2022 च्या सुरुवातीला ते अमेरिकेच्या यादीत पाच आठवडे पहिलं होतं.

ते गाणं कोलंबियातल्या घराचं आहे, पण आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. सणावाराला ज्याचं नाव काढायचं नाही असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्या भोसरीत जमिनींना भाव आला तेव्हापासून तर अशा काकामामांची पैदास फारच वाढली. “त्याचं नाव काढू नका” अशी सुरुवात झाली की समजावं, आता सातबाऱ्यापासून लग्नातल्या मानपानापर्यंत सगळं निघणार आणि चहा दोनदा होणार. पोरं कोपऱ्यात बसून हे ऐकत असतात. त्यांना त्या गाण्यात नवल वाटलं नसेल, ओळख पटली असेल.

माझं स्वतःचं गाणं ‘जंगल बुक’चं. 1993 मध्ये ते दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचं. एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रविवारी वडील कामावर, त्यामुळे आमच्या टीव्हीवर त्या सकाळी राज्य आमचं. जपान्यांनी काढलेला मोगली, गुलजारांचे शब्द, तेव्हा कुणाला फारसे ठाऊक नसलेले विशाल भारद्वाज यांची चाल, आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! नानाचा शेरखान बोलू लागला की धाकटा भाऊ कॉटखाली जायचा. गाण्यात चड्डी असा शब्द होता. त्यावर तेव्हा मोठ्या माणसांनी आक्षेप घेतला होता, हे पुढे वाचनात आलं. गुलजार हटले नाहीत. आम्ही तर ते गाणं त्या एका शब्दासाठी म्हणायचो. मोठ्यांदा, घरात, आईसमोर चड्डी म्हणायची आणि मार खायचा नाही, ही सोय दुसऱ्या कुठल्या गाण्याने दिली होती? 2016 मध्ये नवा सिनेमा आला, तेव्हा त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी हेच गाणं पुन्हा करून घ्यावं लागलं.

मग ही गाणी जुनी का होत नाहीत? एक म्हणजे, नेहमीच्या सिनेमातलं गाणं आधी नटाचं असतं. ते देव आनंदचं असतं, माधुरीचं असतं. आपण फक्त उसनं घेऊन गुणगुणतो. माधुरीच्या गाण्यावर कितीही नाचलं तरी “अगदी माधुरीसारखी” एवढंच म्हणतात, म्हणजे मूळ जागा भरलेलीच आहे. कार्टूनमधली बाई मात्र कुणीच नसते. चार रेषा, दोन मोठे डोळे. तिथे जाऊन बसायला आमच्या जिन्यातल्या मुलीला कुणाची परवानगी लागत नाही. तिला विचारलं, “हे गाणं कुणाचं गं?” तर ती आश्चर्याने आपल्याकडे बघते आणि म्हणते, “माझं.”

दुसरं म्हणजे, गाण्यातून गोष्ट सांगण्याचा हा प्रकार आपल्याकडचाच आहे. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं, त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. कथा चालता चालता थांबायची, पात्र गाऊ लागायचं, आणि बोलून जे सांगता येत नव्हतं ते गाऊन सांगून मोकळं व्हायचं. हिंदी सिनेमातलं गाणं पुष्कळदा काढून टाकलं तरी चालतं. ते सुरू झालं की लोक बिडी ओढायला बाहेर जायचे. ‘फ्रोझन’मधल्या एल्साच्या ‘लेट इट गो’ला बाहेर गेलात तर परत आल्यावर वेगळीच बाई दिसेल. मुळात एल्साला दुष्ट करायचं ठरलं होतं. रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या नवराबायकोने ब्रुकलिनच्या एका बागेत फिरता फिरता गाणं जुळवलं, ते ऐकून सिनेमावाल्यांना ती दुष्ट वाटेनाशी झाली आणि सगळी कथाच फिरवावी लागली. एका पदापायी अख्खं नाटक बदललं म्हणा ना. नाटककार देवलमास्तरांना हा किस्सा आवडला असता.

आणि वन्स मोअर! बालगंधर्वांना वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे, नाटक पहाटेपर्यंत चालायचं. तसे प्रेक्षक आता राहिले नाहीत, अशी खंत जाणकार करतात. त्यांनी सकाळी आठ वाजता आमच्या मजल्यावर यावं. बाप थर्ड शिफ्ट करून नुकताच आडवा झालेला असतो, रिमोट चार वर्षांच्या मालकाच्या हातात असतो, आणि तेच पद सातव्यांदा लागलेलं असतं. शब्द समजतात का, हे विचारू नये. नाट्यपदातली तान ऐकून मान डोलावणाऱ्या किती जणांना शब्द समजायचे?

नाट्यपद आणि कार्टून ही दोन टोकं एकाच माणसाने जोडल्याचा पुरावा आपल्या हाताशी आहे. चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ती ‘एक, अनेक और एकता’ ही चित्रफीत आठवा. 1974 ची, फिल्म्स डिव्हिजनची. करवून घेणाऱ्या विजया मुळे, रेखाटनं भीमसेन यांची, चाल वसंत देसाईंची, आवाज एका लहान मुलीचा. ती मुलगी दाभोळची, पुढे साधना सरगम म्हणून नावारूपाला आली. वसंत देसाई म्हणजे ‘पंडितराज जगन्नाथ’ नाटकाच्या पदांना चाली देणारे, ‘श्यामची आई’चे संगीतकार. चिमण्यांसाठी त्यांनी कमी प्रतीचा माल काढला नाही. 1975 च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात ते गेले. घरोघरी टीव्ही आला तो त्यानंतर, म्हणजे देशातली पोरं ती चाल गाऊ लागली, हे त्यांना दिसलंच नाही.

गेल्या वर्षीपासून जिन्यात नवं गाणं आलं आहे. 2025 च्या ‘केपॉप डेमन हंटर्स’मधलं ‘गोल्डन’. त्यातला वरचा सूर गाठणं भल्याभल्यांना जमत नाही, आमच्या पोरींना तर नाहीच. पण तिथे पोचल्यावर त्या सरळ किंचाळतात, आणि खरी गंमत तीच आहे. दोन खोल्यांच्या घरात, आजी जप करतेय, बाप झोपलाय, शेजारी ऑनलाइन मीटिंग चालू आहे, अशात पोटातून ओरडायला रीतसर कारण मिळतं. कुणी रागावलं तर सांगता येतं, “मी गातेय.” ‘गोल्डन’ खरंखुरं गाणारी इजे ही बाई दहाएक वर्षं कोरियात एका कंपनीत शिकाऊ म्हणून राबली, पण तिला मंचावर कधी आणलंच नाही. आमच्या एमआयडीसीत ट्रेनी म्हणूनच वर्षानुवर्षं राहिलेल्या पोरांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

डिसेंबर-जानेवारीत अंकुशराव लांडगे नाट्यगृहात शाळांची संमेलनं होतात. निळे फ्रॉक दिसतात, कोरियन झगमगाट दिसतो, लावणी आणि पोवाडाही असतो. मराठी कार्टूनमधलं गाणं मात्र मला तिथे ऐकू आलेलं नाही. 2018 मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी ॲनिमेशनपट येऊन गेला, पण असे सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

तेव्हा मराठीतल्या गीतकार-संगीतकारांनो, एक गाणं आमच्या जिन्यासाठी करा. त्यात उपदेश नको, तो घरात मुबलक आहे. शेवटी एक सूर पोरांना न पोचणारा ठेवा. आणि मोठ्यांना खटकेल असा निदान एक शब्द घाला. कुणी आक्षेप घेतला तर हटू नका.